दुसऱ्या मंगळवारच्या आधी

महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी रात्री सांगलीत जेवणं उरकून भांडी पालथी पडलेली असतात, तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात आणि मायक्रोसॉफ्ट विंडोजची त्या महिन्याची अपडेट्स सोडतं. आपल्या घड्याळात ती वेळ उन्हाळ्यात रात्री साडेदहाची, हिवाळ्यात साडेअकराची, कारण तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा तासभर सरकतात. ऑक्टोबर २००३ पासून हा शिरस्ता चालू आहे. आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला त्याची चाहूल लागते बुधवारी सकाळी, आणि गुरुवार-शुक्रवारी दुरुस्तीच्या दुकानात ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "काही केलं नव्हतं हो, नुसतं अपडेट झालं आणि बंदच पडला."

हे वाक्य खोटं नसतं, अपुरं असतं. अपडेटच्या तासाभरात कॉम्प्युटर एरवी महिनाभरात करत नाही एवढं काम करतो. हजारो बारक्या फायली वाचतो, बदलतो, जुन्यांच्या प्रती बाजूला ठेवतो, तापतो, दोन-तीनदा स्वतः बंद होऊन पुन्हा उठतो. डिस्कवर कुठं जागा खराब झाली असेल, आतला सेल उतरला असेल, यूपीएसची बॅटरी नावापुरती राहिली असेल, पंख्यात धूळ बसली असेल, तर ते सगळं याच तासात उघडं पडतं. तडा आधीच गेलेला असतो, पाऊस फक्त भिंत पाडतो. त्यामुळं तयारी करायची ती अपडेटच्या बटणांची कमी आणि ज्या कॉम्प्युटरवर ते उतरणार त्याची जास्त.

मग अपडेट करायचंच कशाला, बंद करून टाकू, असं पुष्कळांना वाटतं. काही दुकानं विंडोज टाकून देताना अपडेट कायमचं बंद करून देतात आणि गिऱ्हाईकही त्याला सोय समजतं. ही सोय महागात पडते. १४ मार्च २०१७, पुन्हा दुसराच मंगळवार, त्या दिवशी विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट आलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्यावर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस येऊन आदळला आणि जगभर लाखो कॉम्प्युटरमधल्या फायली कुलुपात गेल्या. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. उलट बाजूही तितकीच खरी. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेली विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती काहींच्या फायलीच पुसू लागली, म्हणून चार दिवसांत थांबवावी लागली. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर सी ड्राइव्हवरून डी वर हलवलं होतं आणि जुन्या जागी काही फायली राहू दिल्या होत्या, त्यांच्या त्या जुन्या जागच्या फायली गेल्या. डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हला नेणं ही तर आपल्याकडची घरोघरची रीत. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की माझं मत आपोआप ठरतं : अपडेट घ्यायचं, पण बॅकअप हातात आल्यावर.

बॅकअप म्हणजे पेनड्राइव्हवर फोटो टाकून ठेवणं, अशी समजूत आहे. पेनड्राइव्ह ही नेण्या-आणण्याची वस्तू आहे, साठवणुकीची नाही. त्यासाठी एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, आणि ती कॉम्प्युटरला कायम लावून ठेवू नये. सगळं ऑनलाइन असतंच की, असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. एक, फुकट जागा किती? वनड्राइव्हवर ५ जीबी, गुगलवर १५ जीबी आणि त्यातच जीमेलही. एका लग्नाच्या व्हिडिओत ती संपते. दुसरं, ही सेवा इथलं जसंच्या तसं तिथं उतरवते, त्यामुळं इथं पुसलं की काही दिवसांनी तिथलंही कायमचं जातं. तिला बॅकअपचा सोबती म्हणावं, बॅकअप म्हणू नये.

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जगभर सांगितला जाणारा नियम. सांगलीत ‘घराबाहेर’ या शब्दाला फुटांमध्ये माप आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ वर धोका. २००५ ला पाणी शहरात आलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. मारुती चौकातल्या घरातली मूळ प्रत आणि शेजारच्या गल्लीतल्या काकांकडं ठेवलेली दुसरी प्रत या दोन्ही एकाच पाण्यात जातात. ज्यांचं घर गावभागात आहे त्यांनी एक डिस्क विश्रामबागेकडं उंचावर राहणाऱ्या बहिणीच्या किंवा मित्राच्या कपाटात ठेवावी, आणि घरातली टेबलाच्या खालच्या खणात न ठेवता माळ्यावर ठेवावी. पुरानंतर दारादारांत वाळत घातलेले अल्बम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. कागदी फोटो चिखलातूनही थोडेफार सोडवता आले, पण भिजलेल्या हार्ड डिस्कमधून काही काढणं हे खास प्रयोगशाळेचं आणि खर्चाचं काम आहे.

काय काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. न आठवणाऱ्या जागा वेगळ्याच असतात. टॅलीचा डेटा बहुधा सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये असतो, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नाही. हळदीच्या पेढीचा किंवा बेदाण्याच्या व्यापाराचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर असेल तर पहिला हात तिथं घालावा. आउटलुक वापरत असाल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट : फॉन्ट.

यावर जरा थांबतो, कारण अपडेटवर इंग्रजीत पोत्यानं लिहिलेलं सापडतं, त्यात हे कुठं नसतं. मराठीत युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) घरोघर रुळण्याआधी, आणि डीटीपीच्या धंद्यात तर आजतागायत, मजकूर श्री-लिपी, आयएसएम, आकृती या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप होत आला. या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरांच्या, कंसांच्या, टक्क्याच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाइलमध्ये असतो फक्त त्या जागेचा क्रमांक, तो कसा दिसायचा हे फॉन्ट ठरवतो. अपडेट बिघडलं, कॉम्प्युटर फॉरमॅट मारला, वर्डच्या फायली सहीसलामत परत आणल्या, पण फॉन्ट आणला नाही, तर वडिलांनी निवृत्तीनंतर लिहून काढलेला घराण्याचा वृत्तांत इंग्रजी अक्षरांचा चुराडा होऊन समोर येतो. मजकूर तिथं आहे, वाचता मात्र येत नाही.

म्हणून अपडेटआधी सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’ फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ उघडून आपले मराठी फॉन्ट निवडायचे आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचे. ते सॉफ्टवेअर मुळात ज्या सीडीवरून टाकलं होतं तीही शोधायची, आणि नव्या कॉम्प्युटरला सीडीचा खण नसतो म्हणून तिची प्रत डिस्कवर घ्यायची. यूएसबीचा डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी त्याची गाठ घालून देणारा प्रोग्राम, ६४ बिटचा आहे का, हे आधी विचारून घ्यायचं. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये मिळतच नाही. मग महत्त्वाच्या फायली उघडून पीडीएफ करायच्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळं पुढं काहीही झालं तरी वाचता येतं. सवड असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. बदलताना रफार, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि जोडाक्षरं यांत चुका होतात, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घालायचा.

युनिकोडवाल्यांनाही एक धक्का बसतो. मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून सरसकट येत नाही. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी जोडली की येतो, नाहीतर ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यावे लागतात. नवं विंडोज टाकल्यावर जुनं पत्र उघडलं आणि ओळी खाली-वर सरकल्या, पान दीड झालं, तर फाइल बिघडलेली नसते. मंगलच्या जागी दुसराच फॉन्ट उभा राहिलेला असतो. आणि जे अजून गुगलच्या जुन्या ऑफलाइन इनपुट टूलवर टाइप करतात त्यांनी त्याची इन्स्टॉलर फाइल जपून ठेवावी, कारण ती आता अधिकृतपणे मिळत नाही. खरं तर विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत. एखाद्या शांत दुपारी फोनेटिकवर हात बसवून घेतला तर हे परावलंबन संपतं.

कॉपी झाली की एक फोटो, एक हिशेब, एक पत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघावं. न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेलं वाचून केलेली पेरणी, उगवण पाहिलेली नाही.

आता किल्ली. नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद असते. त्याला बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. एरवी याचा पत्ताही लागत नाही. बायोसचं (विंडोजच्या आधी कॉम्प्युटर उठवणाऱ्या प्रोग्रामचं) अपडेट झालं किंवा बूटच्या, म्हणजे चालू होण्याच्या, सेटिंगमध्ये फरक पडला की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, त्या खात्यात जमा असते. इथंच घरं अडकतात. लॅपटॉप घेतला त्या दिवशी ईमेल कुणाचा घातला? दुकानातल्या मुलाचा? पुण्याला शिकायला गेलेल्या पुतण्याचा? त्या खात्याचा पासवर्ड आज कुणाकडं आहे? किल्ली नसेल तर कुठलाही कारागीर त्या डिस्कमधलं काही काढू शकत नाही, कुलूप त्यासाठीच असतं. तेव्हा कॉम्प्युटर धडधाकट असतानाच खात्यात जाऊन ते ४८ आकडे आणि सोबतचा किल्लीचा क्रमांक कागदावर उतरवावा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये. घरात सातबारा आणि रेशनकार्ड जिथं असतं तिथं ठेवावा, म्हणजे शोधायची वेळ आली तर सापडेल. आणि बायोस अपडेट करायचं असेल तर आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावं, किल्ली लागतच नाही.

लाइटीचा प्रश्न आपल्याकडं वेगळा मांडायला हवा. परदेशी सल्ल्यात ‘चार्जर लावून ठेवा’ एवढं एक वाक्य असतं. इथं एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर ढग चढतात, वारा सुटतो, तारेवर फांदी पडते आणि वळवाच्या पहिल्या थेंबाआधी लाइट गेलेली असते. डीपी जळाली तर रात्र अंधारात. साताऱ्याच्या पश्चिमेला पाटण, जावळीकडं तर जुलैचा पाऊस दिवस दिवस थांबत नाही. म्हणून अपडेट सकाळी लावावं. नऊ-दहाला सुरू केलेलं काम दुपारच्या आत हातावेगळं होतं. रात्री झोपताना लावून ठेवण्याची सवय मला धोक्याची वाटते. रात्री लाइट गेली तर बघायला कुणी नसतं.

घरातल्या डेस्कटॉपला बहुधा ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याच्या आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. दिवा हिरवा दिसतो, ‘टुक’ असा आवाजही येतो, पण लाइट गेली की कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद. तपासणं सोपं आहे. सगळं काम सेव्ह करून बंद करायचं, एखादा व्हिडिओ लावायचा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करून घड्याळ बघायचं. दहा मिनिटं टिकला तर ठीक. तीन मिनिटांत मान टाकली तर बॅटरी बदलावी, अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते. बॅटरीचं पोट फुगलेलं दिसलं तर तपासणी न करताच बदलावी. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. पान तापवताना तो एकदम काहीशे वॅट ओढतो आणि यूपीएस भार सहन न होऊन सगळंच बंद करतो. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर बदल व्हायला जो क्षण जास्त लागतो तेवढ्यात पंखा फिरत राहतो, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. दहा मिनिटांच्या यूपीएसवर दोन तासांचं अपडेट निघत नाही, हेही लक्षात असू द्यावं. यूपीएस लाइटीच्या झपकीसाठी आहे. मोठ्या खंडासाठी उपाय एकच, दिवस आणि वेळ निवडून बसणं.

दिवस निवडताना तारीखही बघावी. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेत येतो. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मुदत ११ ला, ३-बी ची २० ला. डिजिटल सहीचं टोकन ज्या कॉम्प्युटरवर चालतं तो या दोन तारखांच्या तोंडावर हलवू नये. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत ‘पॉज’ करता येतं. महिन्याचं सुरक्षा अपडेट मी आठवडाभरापलीकडं ढकलायला सांगणार नाही. पण वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती दोन महिने थांबून घेतली तर काही बिघडत नाही, उलट इतरांच्या अडचणी तोवर निस्तरलेल्या असतात.

डेस्कटॉपचा डबा उघडायची तयारी असेल, आणि ती असावी, तर आत दोन गोष्टी बघायच्या आहेत. एक सेल. मदरबोर्डावर रुपयाएवढी चकती दिसते, ३ व्होल्टची. तिच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं. हे नाव मापावरून आलंय : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग ही चकती सांभाळते. आपल्याकडं रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय आहे, विजेच्या कडकडाटात ती वाचवतेही, पण त्यामुळं चकतीवर दिवसाचे चौदा-सोळा तास भार पडतो आणि ती लवकर उतरते. उतरली की सकाळी तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षात जाते. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नाहीत असं कॉम्प्युटरला वाटतं, कारण प्रत्येक प्रमाणपत्राला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असते. बँक उघडत नाही, मेल उघडत नाही, अपडेट दर वेळी अडतं. अशा कॉम्प्युटरवर दोनदा विंडोज टाकून बघतात, आणि दोष मात्र किराणा दुकानातही मिळणाऱ्या एका चकतीत असतो.

बदलण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. डिस्क ‘एएचसीआय’ या जोडणीच्या पद्धतीवर आहे की दुसऱ्या कुठल्या, बूटचा क्रम, सिक्युअर बूट चालू की बंद, एवढं तरी. चकती काढली की या सेटिंग मूळपदावर जातात, आणि डिस्कची पद्धत बदलली तर विंडोज उठत नाही, निळा पडदा देतं. चकती एवढीशी, घबराट केवढी, ती या फोटोंनी टळते. मग पिन भिंतीतून काढायची, चालूचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, बाजूची पत्ती नखानं सरकवली की चकती टुणकन वर येते. नवी बसवताना अधिकचं चिन्ह वर. मल्टीमीटर असेल तर जुनीचा व्होल्ट मोजून बघा, २.८ च्या खाली असेल तर निदान बरोबर.

दुसरी गोष्ट धूळ. वाळवा, कराड भागात गळीत हंगामात कारखान्याची काजळी अंगणात, गच्चीत पडते ती कॉम्प्युटरमध्येही जाते. मार्केट यार्डाजवळ हळदीची पूड. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो. रोजच्या कामाला चालून जातं. अपडेटमध्ये प्रोसेसर तासभर जोरात चालतो, मेच्या उन्हात खोली ३८-४० अंशांवर असते, मग तो स्वतःला वाचवायला ऐन मधेच बंद होतो. रंगकामाचा नवा, कोरडा ब्रश आणि ब्लोअर पुरतात. ब्लोअर मारताना पंखा पेन्सिलीनं अडवून धरावा. हवेनं तो भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग जातात. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळेच्या पांढऱ्या रबरानं हलक्या हातानं पुसून परत बसवावेत, दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर सांगतं. निळ्या चौकटीत ‘गुड’ दिसलं तर पुढं जा. पिवळ्यात ‘कॉशन’ दिसलं तर डिस्कनं काही खराब जागा बाजूला टाकल्यात किंवा काही वाचताना ती अडखळतेय. अशा डिस्कवर अपडेट करू नये. चेकडिस्कही आधी चालवू नये. पूर्ण डिस्क चाळून काढण्याच्या ताणानं ती तिथंच कायमची बसू शकते. आधी फायली काढायच्या, मग नवी डिस्क. आणि अजून फिरती हार्ड डिस्क वापरत असाल तर माझं स्पष्ट मत आहे की पुढचा खर्च २५६ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर करावा, रॅमवर नाही. हार्ड डिस्कची सुई सेकंदाला शंभरेक ठिकाणी जाऊ शकते, एसएसडी हजारो ठिकाणी. नवी आवृत्ती चढायला एसएसडीवर अर्धा-पाऊण तास, जुन्या डिस्कवर अडीच तासही. आपल्या लाइटीत हा फरक फार मोठा आहे.

जागेचं थोडक्यात. सी ड्राइव्हवर २५ जीबी मोकळी असावी. दुकानात सी ला शंभर जीबी आणि डी-ई ला बाकी सगळी, अशी वाटणी करतात, त्यामुळं डी रिकामा आणि सी तुडुंब. ८००७००७० या आकड्यांवर संपणारी चूक आली तर तिचा अर्थ जागा नाही, बाकी काही नाही. ‘स्टोरेज’मधून तात्पुरत्या फायली पुसा, डाउनलोड्स डी वर न्या. ‘विंडोज’ फोल्डरमध्ये हात घालून काही पुसू नका. जालावरची ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर टाकू नका.

कुठलं विंडोज आहे हे माहीत नसेल तर स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप करा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असाल तर नोंदणी करून सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं, आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा. पुष्कळ बोर्डांवर टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं, तेव्हा ‘चालत नाही’ असा निकाल देण्याआधी तिथं बघावं. खरंच बसत नसेल तर आडवाटेनं बसवण्यापेक्षा लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकावी. पत्रव्यवहार, बँक, व्हिडिओ, मराठी टायपिंग याला ती भरपूर आहे. टॅली आणि श्री-लिपी मात्र तिच्यावर थेट चालणार नाही.

आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करावा. शटडाउन नव्हे, रीस्टार्टच. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन विंडोजला अर्धवट झोपवतं, जुनी गुंतागुंत तशीच राहते. टास्क मॅनेजरमध्ये ‘अपटाइम’ बारा दिवस दिसतो तो यामुळंच. आधी अपडेट फसलेलं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडून विंडोजच्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा द्याव्यात, पहिल्यांदा ‘डिझम’ची रिस्टोअर हेल्थ, मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’. क्रम हाच, कारण दुसरी ज्या साठ्यातून दुरुस्ती करते तो साठा पहिली नीट करते. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचं बूट करता येणारं साधन बनवून ठेवावं. त्याला पाच-सहा जीबी उतरवावे लागतात, म्हणजे दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे होणार नाही. फायबर असलेल्या घरी बसून करावं, आणि कॉम्प्युटर धड आहे तोवर करावं. प्रिंटरचा ड्रायव्हरही त्यातच. आपल्याकडं घराघरांत, झेरॉक्सच्या दुकानांत असलेला कॅननचा एलबीपी २९०० पानाची आखणी स्वतः करत नाही, कॉम्प्युटरकडून करून घेतो, त्यामुळं ड्रायव्हरशिवाय तो नुसता डबा आहे.

आणि मग तो दिवस. बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, डोंगल काढून ठेवायचं. फक्त कीबोर्ड, माउस, नेट. लॅपटॉपची चार्जरची पिन सैल असेल तर हात न लागेल अशा जागी ठेवायचा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस मोठ्या आवृत्तीच्या वेळी काढून टाकावा, मागून परत टाकता येतो. त्याची किल्ली मेलमध्ये आहे ना, तेवढं बघून.

पडद्यावरचा आकडा ३० टक्क्यांवर येऊन थांबतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "हँग झाला, बटण दाब." त्या वेळी पडदा बघू नये, डब्यावरचा लाल किंवा पिवळा बारका दिवा बघावा, डिस्कचा. तो अनियमित लुकलुकत असेल, मधेच थांबून पुन्हा भरभर, तर आत काम चालू आहे. टक्क्यांचा आकडा कामाचे टप्पे मोजतो, वेळ मोजत नाही. एखाद्या टप्प्यात चार फायली असतात, एखाद्यात चाळीस हजार. तीन तास झाले, दिवा अजिबात हलला नाही, तरच बटण दहा सेकंद दाबावं. पुन्हा चालू झाल्यावर ‘अनडूइंग चेंजेस’ आलं तर घाबरायचं कारण नाही. बाजूला ठेवलेल्या जुन्या फायली तो परत जागेवर लावतोय. त्या वेळी मात्र हात अजिबात लावायचा नाही. अर्धवट अपडेटपेक्षा अर्धवट माघार जास्त नुकसान करते.

झालं की तारीख, आवाज, नेट, एक पान प्रिंट, एक मराठी पत्र, टॅलीतला एक महिना, डिजिटल सहीचं टोकन, एवढं त्याच दिवशी उघडून बघायचं. मोठी आवृत्ती चढवली असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर सी ड्राइव्हवर पंधरा-वीस जीबी अडवून बसलेलं दिसेल. ते पुसू नये. त्याच्या जोरावर दहा दिवस मागं फिरता येतं, आणि दहा दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. कालनिर्णयच्या त्या दहाव्या चौकोनात पेन्सिलीनं खूण करावी. त्या दहा दिवसांत विजेचं बिल भरून होतं, कुणाच्या तरी फॉर्मवर फोटो चिकटवून छापून होतो, महिन्याचा हिशेब लागतो. सगळं नीट चाललं तर अकराव्या दिवशी नवा बॅकअप घ्यायचा, डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवायची, आणि बाजारहाटाला जाताना ती डिस्क पुन्हा विश्रामबागेतल्या कपाटात पोचती करायची.